गाठ नाही, लिहून दिलंय

बोटेबाईंचं आडनाव बोटे नव्हतं. पण गिरणीत नव्यानं आलेल्या साहेबाला ते कोणी सांगितलंच नाही, आणि त्यानं त्यांच्या ओळखपत्रावर ‘श्रीमती बोटे’ असं छापून आणलं. सगळं खातं श्वास रोखून उभं राहिलं, आता बाई साहेबाला सोलून काढणार म्हणून. बाईंनी कार्ड हातात घेतलं, डोळे मिटले, कडांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “प्लास्टिकच्या आत हवा राहिलीय. डाव्या कोपऱ्यात.” नावाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. गिरणीत सुटाचं कापड निघायचं. विणून झालेला प्रत्येक ताका, म्हणजे साठ मीटरची अख्खी गुंडाळी, तपासणी खात्यातल्या तिरप्या टेबलावरून सावकाश खाली सरकायचा. विणताना धागा तुटला की तो जोडतात, आणि जोडलेल्या जागी गाठ राहते. ती शोधायची, चिमट्यानं उचलायची आणि मोकळी करायची किंवा उलट बाजूला ढकलून द्यायची, हे काम. बाकीच्या बायका दिव्याखाली डोळे ताणून बघायच्या. बोटेबाई डोळे मिटून घ्यायच्या आणि कापडावर दोन्ही तळवे टेकवायच्या. तळव्याखालून कापड वाहत राहायचं आणि मधेच उजव्या हाताचं मधलं बोट थबकायचं. तिथे गाठ असायचीच. बत्तीस वर्षं हे असं चाललं होतं. बाईंनी पास केलेल्या ताक्यात बोट ठेवायला जागा नसते, असा विनोद खात्यात दिवसातून दोनदा व्हायचा आणि बाई दोन्ही वेळा हसायच्या.

मधे एकदा साहेबांनी कापड तपासणारा कॅमेरा आणवला होता. एकच ताका आधी कॅमेऱ्याखालून गेला आणि मग बाईंच्या हाताखालून. कॅमेऱ्यानं अकरा गाठी दाखवल्या, बाईंनी चौदा. चौदावी गाठ तर कॅमेरा विकायला आलेल्या माणसाच्या कोटाच्या बाहीवर निघाली, कारण तो उत्साहानं फारच जवळ येऊन उभा राहिला होता. कॅमेरा परत गेला. आणि यंत्रानं काढलेल्या फोटोबद्दल बाईंचं मत त्या दिवशी जे पक्कं झालं ते झालंच. माणसाचं मत बरोबर निघालं की ते किती धोकादायक होतं, हे तेव्हा कोणाच्या लक्षात येणार?

घरी नवरा होता. तो गाडी शिकवायच्या शाळेत मास्तर होता. सव्वीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून, स्वतःच्या पायाखालच्या जादा ब्रेकवर संसार केलेला माणूस. त्या पायाला आता स्वतंत्र बुद्धी फुटली होती. दूध उतू जायला लागलं, बायको भरभर बोलायला लागली, की मास्तरांचा पाय फरशीवर आपोआप दाबला जायचा. वरच्या मजल्यावर मास्तरांची धाकटी बहीण राहायची. ती औषधाच्या दुकानात काम करायची. डॉक्टरांचं अक्षर वाचू शकणारी घरातली ती एकटीच, त्यामुळे तिचा रुबाब वेगळा.

एका मंगळवारी गिरणीच्या फाटकाशी मोठ्या हॉस्पिटलची गाडी येऊन उभी राहिली. पंचेचाळिशीच्या पुढच्या सगळ्या बायकांची स्तनांची तपासणी, फुकट, आणि वर कामातून अर्ध्या तासाची सुट्टी. बाई सुट्टीसाठी गेल्या. आतल्या मुलीनं त्यांना दोन थंड पट्ट्यांमध्ये उभं केलं आणि वरची पट्टी खाली आणली.

“अगं, फोटो काढतेयस की इस्त्री करतेयस?”

“श्वास रोखा, मावशी.”

“आता तो सुटणार तरी कुठून?”

मुलगी हसली. मग तिनं पडद्यावर बघितलं आणि हसू आवरून म्हणाली, “उजव्या बाजूचा अजून एक काढते हं.” बाई बाहेर येऊन मैत्रिणींना इस्त्रीची गोष्ट सांगण्यात रमल्या. तो एक जादाचा फोटो त्या सांगायला विसरल्या.

बाराव्या दिवशी पत्र आलं. त्यात चार ओळी होत्या. उजव्या स्तनात गाठ आढळली नाही. कॅल्शियमचे बारीक ठिपके एका जागी समूहानं दिसत आहेत. सुईची तपासणी आवश्यक आहे. लवकर भेटावे.

आता इथे गिरणीतला तपासणीचा कागद कसा असतो ते सांगायला हवं. त्यावर तीन चौकटी असतात. पहिली गाठीची, दुसरी तुटक्या धाग्याची, तिसरी डागांची. पहिल्या चौकटीत ‘नाही’ लिहिलं की ताका निम्मा सुटला. आणि डाग? डाग हे तपासणी खात्याचं कामच नव्हे. तो ताका धुलाईला जातो, तिथे साबणपाण्यात डाग निघतात, गोष्ट संपली. बत्तीस वर्षं असे हजारो कागद भरलेल्या बाईंनी हॉस्पिटलचं पत्रही त्याच क्रमानं वाचलं.

“गाठ नाही,” त्यांनी जाहीर केलं. “लिहूनच दिलंय.”

“वहिनी, पुढे वाच ना,” नणंद म्हणाली.

“पुढे डाग आहेत.”

“डाग नाही, ठिपके. कॅल्शियमचे.”

“मग बंद करा त्या तुमच्या गोळ्या. हाडांना चांगल्या म्हणून दुकानातनं आणून देता, वन्सं, आणि त्या बघा भलतीकडेच जाऊन बसल्यात.”

“गोळ्यांचा काही संबंध नाही! आणि हे ‘आवश्यक’ कोणाला लिहिलंय? मला?”

“अगं, जाऊन तर येऊ,” मास्तर हळूच म्हणाले. “सुईच तर आहे.”

“अहो, नसलेल्या गाठीत सुई कुठे टोचणार ते? मी काय उशी आहे?”

मास्तरांचा पाय फरशीवर दाबला गेला. बाई थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःची तपासणी सुरू केली. रोज सकाळी आंघोळीनंतर, दार लावून, डोळे मिटून, वरून खाली, मग आडवं, एक बोटभरही जागा न सोडता. मधलं बोट कुठेही थबकायचं नाही. बाहेर येऊन त्या मास्तरांना सांगायच्या, “पास.” मास्तर मान हलवायचे. पत्र फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली होतं. पाणी प्यायला गेले की मास्तर ते वाचायचे. मास्तरांना त्या दिवसांत तहान फार लागायची.

हॉस्पिटलातून फोन आला. बाईंनी गोड आवाजात सांगितलं, “त्या बाहेरगावी गेल्यात.” दुसऱ्या फोनला त्या अजून परतल्या नव्हत्या. तिसऱ्या वेळी फोन करणारी म्हणाली, “आल्या की त्यांना एवढंच सांगा, ज्या गोष्टीसाठी बोलावतोय ती हाताला लागेपर्यंत थांबू नका.” बाईंनी फोन ठेवला आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या. त्यांना राग आला होता. हाताला न लागणारी गोष्ट असूच शकते, हे मान्य केलं तर बत्तीस वर्षांच्या त्या सगळ्या ताक्यांचं काय?

रोज सकाळी ‘पास’ म्हणत सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत बाईंच्या अंगात काय चाललं होतं ते कोणालाच दिसत नव्हतं आणि लागतही नव्हतं. त्या उत्तम जेवत होत्या, खात्यात सगळ्यांची टिंगल करत होत्या, दोन मजले न थांबता चढत होत्या. दुखत काहीच नव्हतं.

शेवटी मास्तर खोटं बोलले. आयुष्यात त्यांना ही कला कधी जमली नव्हती, पण गरजेला माणूस काहीही चालवतो. “गुडघा धरलाय,” ते म्हणाले. “ब्रेकचा. हॉस्पिटलात वेळ घेतलीय, चल सोबत.” बाई निघाल्या. हॉस्पिटलात मास्तर त्या दुखऱ्या गुडघ्यानं टुणटुण जिना चढले, ‘स्तनविकार विभाग’ अशी पाटी असलेल्या दारापाशी थांबले आणि बायकोकडे न बघता म्हणाले, “गुडघा बरा आहे माझा.”

बाई पाटीकडे बघत राहिल्या. भांडायला तोंड उघडलं तर समोरच्या बाकावर सहा बायका मांडीवर फायली घेऊन गप्प बसलेल्या. एकीच्या डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. तिनं सरकून जागा करून दिली. एवढ्या शांततेत भांडणं शक्य नव्हतं. बाई बसल्या.

आधी पुन्हा त्या पट्ट्या, पुन्हा फोटो. मग डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. वयानं लहान, नखं अगदी कापलेली. बाईंनी पहिल्यांदा तिची बोटंच बघितली आणि मनातल्या मनात पन्नासपैकी तीस गुण दिले.

“मावशी, तुम्ही बाहेरगावाहून आलात वाटतं.”

बाईंनी ते ऐकू आलं नाही असं दाखवलं. “तुम्हीच लिहून दिलंय. गाठ नाही.”

“नाहीच आहे गाठ.”

“मग झालं तर.”

“मग झालं नाही ना. हे बघा.” तिनं पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. “हा गाडीतला. हा आजचा.”

पहिल्या फोटोत करड्या रंगावर कोणीतरी चिमूटभर मीठ टाकल्यासारखं दिसत होतं, एका कोपऱ्यात. दुसऱ्यात तीच चिमूट पसरत मधोमध आली होती. बाईंनी पडद्यावर बोट टेकवलं. काच गुळगुळीत होती.

“मला रोज लागत कसं नाही?”

“मलाही नाही लागणार. कोणालाच नाही लागत, मावशी. उद्या ऑपरेशन करायचं झालं ना, तर सर्जनच्या हातालाही लागत नाही. म्हणून आधी यंत्रात बघत बघत केसासारखी बारीक तार आत सोडतात, आणि तारेच्या टोकापर्यंत जाऊन सर्जन तेवढं कापतो.”

जगातल्या समस्त बोटांचा हा अपमान होता. त्यांनी ब्लाउजचं बटण सोडलं. “कुठे टोचायचं ते टोचा.”

सुईची तपासणी झाली. आत बोटांनी शोधायचं काही नव्हतंच, यंत्रानंच जागा दाखवली. दहा दिवसांनी, सोमवारी, निकाल घ्यायला तिघं गेली. बाई, मास्तर आणि वाचायला नणंद.

वाचायची वेळ आलीच नाही. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढली आणि साध्या शब्दांत सांगितलं. कॅन्सर आहे. बहुतेक सगळा दुधाच्या नळ्यांच्या आतच आहे, पण एका ठिकाणी नळीची भिंत फोडून बाहेर पडलाय. थोडासाच.

“सहा महिन्यांपूर्वी आले असते तर?” बाईंनी विचारलं.

“ते आता धरून बसू नका. आज आलात ना.”

हे उत्तर नव्हतं हे खोलीतल्या चौघांनाही कळलं. मास्तरांचा पाय फरशीवर दाबला गेला तो उठलाच नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोल काढला. दोन रस्ते होते. एक, तेवढा भाग काढायचा आणि उरलेल्या स्तनाला काही आठवडे किरणांचा शेक द्यायचा. दुसरा, पूर्ण स्तन काढायचा. हवा असेल तर नंतर शरीरातलंच मांस घेऊन नवा करता येतो. दोन्ही रस्त्यांनी गेलेल्या बायका सारख्याच जगतात, हे तिनं दोनदा सांगितलं. ठिपके पसरलेत, त्यामुळे पहिला रस्ता जमेलच असं नाही, पण आज तरी जमण्यासारखा वाटतोय. आणि नंतर पाच वर्षं रोज एक गोळी.

“दुकानातनं मी आणीन,” नणंद पटकन म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून ती जरा रागानंच म्हणाली.

“कापताना कड किती सोडता?” बाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न तिला सहसा कोणी विचारत नसावं. “काढलेला तुकडा तपासायला जातो. कडेला एकही खराब पेशी दिसली नाही तर पास. दिसली तर पुन्हा आत जाऊन अजून काढायचं.”

“हे बरं आहे,” बाई म्हणाल्या. एवढ्या दिवसांत हॉस्पिटलातली पहिलीच गोष्ट त्यांना पसंत पडली. “पहिला रस्ता.”

“थांबा, अजून काख बघायची आहे. हा आजार आधी काखेत उतरतो. काख मोकळी असेल तर हाच बेत. नसेल तर क्रम बदलतो. आधी शिरेतून औषधं, काही महिने. केस जातील, थकवा येईल. ऑपरेशन त्यानंतर.” तिनं बाईंचा हात वर उचलून काख चाचपली. “माझ्या हाताला तर काही लागत नाही. गुरुवारी सोनोग्राफीत बघू.”

घरी येताना बाई जवळजवळ आनंदात होत्या. क्रम ठरला होता. तार, तुकडा, कड, शेक, गोळी. मास्तरांना त्या म्हणाल्या, “पोरीची बोटं बरी आहेत तशी. चाळीस गुण.” मास्तर म्हणाले, “तू कोणाला चाळीस दिलेले मी पहिल्यांदाच ऐकतोय.”

पण सोमवार आणि गुरुवार यांच्यामध्ये बुधवार येतो.

बुधवारी दुपारी खात्याच्या कपडे बदलायच्या खोलीत बाई एकट्या होत्या. अंगातला कामाचा डगला काढायला त्यांनी हात वर केला आणि तशाच थांबल्या. सहा महिने त्यांनी रोज सकाळी एवढं तपासलं होतं, पण काख? काख त्यांनी कधी धरलीच नव्हती. कापडाची रुंदी तिथपर्यंत जाते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि डॉक्टरीणबाईंनी सोमवारी काही लागत नाही असं सांगितलं होतं. मग कशाला? तरी डावा हात आपोआप गेला. डोळे मिटले गेले.

मधलं बोट थबकलं.

बाईंनी हात काढून घेतला. बोटं डगल्याला पुसली, जणू त्यांना काही चिकटलं होतं. पुन्हा गेला हात. तिथेच. खोल, हाडाच्या बाजूला, वाटाण्याच्या निम्मी. बोटाखाली सरकत नव्हती. दुखत नव्हती.

बाहेरून कोणीतरी हाक मारली, “बोटेबाई, ताका चढलाय हो!”

“आले,” त्या म्हणाल्या. त्या दुपारी त्यांनी पास केलेल्या ताक्यात तीन गाठी राहिल्या. दुसऱ्या दिवशी ते कोणीतरी साहेबाला सांगितलं आणि साहेबाला ते खरं वाटलं नाही.

घरी मास्तरांनी दोनदा विचारलं, “पास?” दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. नणंद जेवायला खाली आली तेव्हा तिनं भावाला खूण करून विचारलं, हिला काय झालंय. भावानं खांदे उडवले. बाई ताटाकडे बघत होत्या आणि डावा हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या.

गुरुवारी सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता. मास्तरांना बाहेर बसवलं होतं. बाई कुशीवर झोपल्या, हात डोक्याखाली घेऊन. डॉक्टरीणबाईंनी आधी पुन्हा एकदा बोटांनी चाचपलं. अगदी सावकाश, वरून खाली, मग आडवं. बाई तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. ती बोटं त्या जागेवरून गेली, मागे आली आणि पुन्हा पुढे निघून गेली.

“नाही हो मावशी. माझ्या हाताला काहीच लागत नाही.”

“नाही ना?” बाई घाईघाईनं म्हणाल्या. “नीट बघितलंत ना? तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हाला कळणारच. आमचं काय, आम्ही आपली कापडावरची माणसं. वय झालं. बोटं आता खोटं बोलतात.”

बत्तीस वर्षांत असं वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी ओळखलं असावं. तिनं खुर्ची जवळ ओढली.

“मावशी, तुम्हाला काही लागलंय का?”

बाईंनी डाव्या हाताची मूठ मिटली.

“लागलं असेल तर दाखवा. मला सापडत नाहीये. तुम्ही दाखवलं तर मी नेमकं तिथेच बघेन.”

कॅमेऱ्यासमोर चौदा गाठी दाखवणाऱ्या बाई आडव्या पडल्या होत्या आणि मनापासून हरायला बघत होत्या. अंगठा बाजूला, डोळे मिटलेले, मधलं बोट सावकाश पुढे. चुकू दे, एकदा चुकू दे, असं म्हणत त्यांनी ते काखेत खोल नेलं. आणि ते थबकलं.

“इथे.”

डॉक्टरीणबाईंनी गार जेल लावलं आणि त्या बोटाला लागूनच यंत्राची मूठ टेकवली. पडद्यावर करड्या लाटा हलल्या, मग स्थिर झाल्या. तिनं काहीतरी मोजलं, एकदा आडवं आणि एकदा उभं, आणि यंत्रानं दोन वेळा टिकटिक केलं. बाईंनी डोळे उघडले नाहीत.

“दिसतंय का?”

“हो,” डॉक्टरीणबाई म्हणाली. तिनं मान वळवून नर्सला सुई आणायला सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “बोट काढू नका, मावशी. आहे तिथेच राहू द्या.”